किर्र रानासाठी परवडणारी रायफल: न्यूझीलंडच्या बुशमध्ये शिकारीला जाण्याआधी

रुआहिने डोंगररांगेतल्या एका ओढ्याकाठी मला पहिली हरणी दिसली तेव्हा ती जेमतेम अठरा पावलांवर होती. हातात उसनी आणलेली रायफल. चोवीस इंची नळी, पुढे सप्रेसर (बाराचा आवाज कमी करणारं नळकांडं), वर ४ ते १६ पटीचा जाडजूड स्कोप. खांद्याला लावली आणि स्कोपमध्ये काय दिसलं? केस. नुसते तपकिरी केस. मान, खांदा की पोट, काही कळेना. नळी जरा डावीकडे वळवायला गेलो तर सप्रेसर वेलीत अडकला. हरणीने एकदा भुंकल्यासारखा आवाज केला आणि ती रानात शिरली.

ती रायफल वाईट नव्हती. समोरच्या डोंगरउतारावर तीनशे मीटरवरच्या जनावरासाठी ती उत्तम होती. बुशसाठी मात्र ती चुकीची होती, आणि महागही. त्यानंतर मी स्वतःची घेतली ती तिच्या निम्म्या किमतीत. न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्या आणि शिकारीचा परवाना काढायला निघालेल्या मराठी मंडळींकडून मला वरचेवर एकच प्रश्न येतो: "पहिली रायफल कुठली घेऊ?" फोनवर तुकड्यातुकड्यांत दिलेलं उत्तर इथे एकदा सलग मांडतो.

भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगतो: आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच असावी. इथली गोष्ट उलटी आहे. वटवाघळं सोडली तर न्यूझीलंडच्या जमिनीवर एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. हरणं, बकऱ्या, डुकरं सगळी बाहेरून आणलेली. त्यांना खाणारं कोणी नाही, आणि ती देशी झाडांची रोपटी साफ करतात. म्हणून सरकारी संवर्धन खातं, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशन, मोठ्या भागांत शिकारीचा परवाना चक्क फुकट देतं. गंमत म्हणजे त्यांत आपलं सांबरही आहे. १८७५ मध्ये सिलोनहून आणून मानावातू भागात सोडलेल्या सांबरांची प्रजा नॉर्थ आयलंडमध्ये आजही टिकून आहे.

आधी रान ओळखा

इथे 'बुश' म्हणजे झुडपं नव्हेत. बुश म्हणजे देशी झाडांचं दाट, ओलं जंगल. खाली नेच्यांचं गचपण, मध्ये काळ्या दोरखंडासारखी सप्लजॅकची वेल, वर बीच किंवा पोडोकार्प झाडांची छत्री. पन्नास मीटरवरचं स्वच्छ दिसलं तर नशीब समजा. माझे बहुतेक बार वीस ते साठ मीटरमधले आहेत. शंभराच्या पुढचा बार मिळतो तो नदीपात्रात किंवा दरड कोसळून मोकळ्या झालेल्या पट्ट्यात.

या एका गोष्टीवर पुढची सगळी खरेदी अवलंबून आहे. रायफलच्या जाहिराती लांब पल्ल्याच्या असतात आणि दुकानातल्या गप्पाही. लांबून मारायला लागणारी जड नळी, मोठा स्कोप, वेगवान काडतूस या गोष्टींसाठी जे जास्तीचे पैसे जातात ते बुशमध्ये वाया तर जातातच, वर अडचणही करतात. संगमेश्वरकडच्या आमच्या घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. दुसरा बार भरेपर्यंत रानडुक्कर दोन बांध ओलांडून जाई. आजोबा म्हणायचे, "जवळ जा, नाहीतर घरी जा." बुशमध्येही तेच करावं लागतं.

परवाना आणि कपाट

रायफल बघायला जाण्याआधी फायरआर्म्स लायसन्स हातात हवं. वय किमान सोळा. लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक अभ्यासक्रम, ओळखीच्या माणसांच्या मुलाखती, घरी येऊन कपाटाची तपासणी, हे सगळं होतं. घरातल्या माणसाशीही तपासणारे बोलतात, तेव्हा बायकोला आधी विश्वासात घ्या. पहिलं लायसन्स पाच वर्षांचं मिळतं, नंतरची दहा वर्षांची.

१५ मार्च २०१९ च्या क्राइस्टचर्चमधल्या मशिदींवरच्या हल्ल्यानंतर कायदा बराच कडक झाला. सेंटरफायर काडतुसाच्या (बुडाच्या मधोमध टिकली असलेल्या) सेमी-ऑटोमॅटिक (बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) रायफली सामान्य शिकाऱ्याला बंद झाल्या. २४ जून २०२३ पासून शस्त्रांची नोंदवही सुरू झाली असून घेतलेली प्रत्येक रायफल तिच्यात नोंदवावी लागते. नियम बदलत राहतात, म्हणून खरेदीच्या आठवड्यात फायरआर्म्स सेफ्टी अथॉरिटीच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका. दुकानातल्या किंवा मित्राच्या तोंडी माहितीवर विसंबू नका. माझ्यासकट.

कपाट म्हणजे भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्कं केलेलं पोलादी कपाट. काडतुसांना वेगळं कुलूप. भाड्याच्या घरात राहत असाल तर भोकं पाडायला घरमालकाची परवानगी आधी घ्या. मी ती नंतर मागितली होती, आणि तो संवाद फार गोड झाला नाही.

पैशांची वाटणी

लोक इथेच चुकतात. दोन हजार डॉलर बाजूला ठेवतात आणि दोन हजारांची रायफल घेतात. मग कपाट, स्कोप, माउंट (स्कोप रायफलीवर बसवायची पकड), सप्रेसर, काडतुसं, पावसाळी कपडे, बूट हे सगळं क्रेडिट कार्डावर जातं आणि सरावाला काही उरत नाही.

माझा हिशेब असा: एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त नुसत्या रायफलीवर घालू नका. उरलेल्यात स्कोप आणि माउंट, बेताच्या किमतीची पण चांगली गळ्यातली दुर्बीण, आणि काडतुसांचे किमान सात-आठ डबे. डब्यात वीस काडतुसं असतात, म्हणजे दीडशेच्या आसपास बार. त्यातले सव्वाशे-दीडशे कागदावर जायचे आहेत. कपाटाचा खर्च या हिशेबाबाहेर धरा, कारण तो आयुष्यात एकदाच होतो.

दुर्बीण कशाला, स्कोप आहे ना? असं विचारणाऱ्याला मी रानात सोबत नेत नाही. समोर हललं ते काय आहे हे बघण्यासाठी स्कोप वापरणं म्हणजे ते माणूस असेल तर माणसावर बंदूक रोखणं. दरवर्षी मार्चअखेर ते एप्रिलमध्ये, नर हरणं माजावर येऊन डरकाळ्या फोडतात त्या 'रोअर'च्या दिवसांत, रानात गर्दी असते आणि शिकारी हरणांचे आवाज काढत फिरत असतात. हरीण समजून माणसावर बार टाकल्याच्या घटना या देशात घडल्या आहेत, आणि मारणारा अनेकदा त्याच टोळीतला सोबती असतो. इथल्या सात सुरक्षा नियमांतला चौथा नियम सांगतो की लक्ष्य काय आहे याची निःशंक खात्री करा. त्यासाठी दुर्बीण. अंगात भडक नारिंगी किंवा गुलाबी जाकीट तर हवंच.

काडतूस: कंटाळवाणं तेच चांगलं

पहिल्या रायफलीसाठी माझं उत्तर .३०८ विंचेस्टर. १९५२ साली बाजारात आलेलं, आता म्हातारं झालेलं काडतूस. छोट्या गावातल्या दुकानातही मिळतं, स्वस्तातल्या स्वस्तापासून भारीपर्यंत सगळ्या प्रकारांत मिळतं, आणि आखूड नळीतूनही नीट चालतं. १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साधी, टोकाला शिसं उघडं असलेली गोळी लाल हरणाला आणि डुकराला भरपूर होते. सांबर मात्र दांडगं जनावर आहे, त्याच्यामागे जाणारा १६५ किंवा १८० ग्रेनची घेतो.

धक्का सोसत नसेल, किंवा घरातली मुलगी-मुलगा हीच रायफल वापरणार असेल, तर ७ मिलिमीटर-०८ बघा. ते .३०८ चंच पितळी कवच, तोंड जरा आवळलेलं. धक्का थोडा कमी, मारा जवळपास तेवढाच. काडतुसं मात्र सगळीकडे हमखास मिळत नाहीत. .२४३ आणखी हलकं. सिका आणि फॅलो जातीच्या हरणांना आणि बकऱ्यांना छान, मोठ्या नराला जागा अचूक धरावी लागते. .२२३ चे चाहते इथे खूप आहेत, कारण सराव स्वस्त पडतो आणि धक्का जाणवतही नाही. बकऱ्यांसाठी मीही वापरतो, पण नवख्याने हरणावर .२२३ घेऊन जाऊ नये असं माझं मत. रक्ताचा माग बारीक पडतो, आणि ओल्या नेच्यांत जखमी जनावर शोधणं हा शिकारीतला सगळ्यात वाईट तास असतो.

.२७० आणि .३०-०६ ही जुनी, सिद्ध काडतुसं आहेत. कोणी चांगल्या स्थितीतली रायफल स्वस्तात देत असेल तर जरूर घ्या. फक्त .२७० आखूड नळीत कापलीत तर फार भडका आणि आवाज होतो. मॅग्नम नावाचं (जास्त दारूचं, जोरकस) काहीही या कामाला नको.

आता एक जुना समज. जाड, जड, संथ गोळी झुडपं 'फाडत' जाते आणि हलकी वेगवान गोळी फांदीला लागून भरकटते, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. फांदीला लागल्यावर सगळ्याच गोळ्या भरकटतात. जड गोळी कदाचित थोडी कमी भरकटेल, पण त्या भरवशावर वेलींमधून बार टाकणं हा जुगार आहे. मोकळी फट शोधा, नसेल तर थांबा. .४५-७० सारखं १८७३ सालचं तोफगोळ्याएवढं काडतूस केवळ या समजापायी घेणारे बघितले आहेत. खांदा चोळत बसतात.

लष्करी धाटणीच्या, पूर्ण तांब्याचं आवरण असलेल्या गोळ्या स्वस्त मिळतात. त्या कागदावर ठीक. जनावरात त्या फुलत नाहीत, सुईसारख्या आरपार जातात आणि जनावर तडफडत लांब जातं.

लांबी

रायफल बघताना आधी टेप काढा. बावीस इंची नळीची बोल्ट-ॲक्शन (दर बारानंतर बोल्ट नावाचा दांडा हाताने मागे-पुढे करून भरायची) रायफल साधारण १०५ ते १०८ सेंटिमीटर भरते. पुढे सप्रेसर लावला की सव्वा मीटरच्या घरात. भालाच तो! सप्लजॅकमध्ये दर दहा पावलांना अडकतो, आणि तो सोडवताना होणारा आवाज हरणाला पुरतो.

मला अठरा इंची नळी आवडते. सोळाही चालते. आखूड केल्याने काय जातं? .३०८ मध्ये इंचामागे सेकंदाला साधारण पंचवीस फूट वेग. बावीसची अठरा केलीत तर २८०० मधले शंभर फूट गेले. साठ मीटरवरच्या हरणाला हा फरक कळत नाही. आवाज मात्र वाढतो, आणि तिथे सप्रेसर कामाला येतो.

भारतातून आलेल्या माणसाला सप्रेसर म्हणजे सिनेमातल्या गुंडाची वस्तू वाटते. इथे शिकाऱ्यांमध्ये ती अगदी सर्रास वापरली जाते. .३०८ चा उघडा बार १६० डेसिबलच्या वर जातो, आणि कानाला कायमची इजा १४० च्या आसपासच होऊ शकते. सप्रेसर वीस-तीस डेसिबल कमी करतो, धक्काही घटवतो. रानात कानात बोळे घालून फिरता येत नाही, कारण अर्धी शिकार कानोशावर असते. म्हणून मी याला चैन मानत नाही. नळीच्या मागच्या बाजूला सरकून बसणारा प्रकार घ्या, तो तोंडापुढे जेमतेम दहा सेंटिमीटर येतो. अठरा इंची नळी आणि असा सप्रेसर मिळून रायफल पुन्हा मूळच्या लांबीत बसते.

लांब नळीची रायफल स्वस्तात मिळाली तर गनस्मिथकडून कापून, तोंड नीट करून, आटे पाडून घेता येतात. घरी हॅकसॉ चालवू नका. नळीच्या तोंडाची कड जराशी जरी वाकडी झाली तरी गोळी जाताना तिला एका बाजूने धक्का बसतो आणि नेम कायमचा बिघडतो. घडीच्या दस्त्याचा मोह असेल तर कायद्यातला आकडा ध्यानात ठेवा: ७६२ मिलिमीटरपेक्षा आखूड शस्त्र इथे पिस्तूल ठरतं, आणि ते प्रकरण वेगळंच आहे.

कुठली घ्यावी

नव्यांमध्ये चार नावं पुन्हा पुन्हा समोर येतील.

रुगर अमेरिकन. दिसायला अगदीच सामान्य, दस्ता प्लास्टिकचा, बोल्ट सुरुवातीला खरखरतो. पण अचूक आहे. हिचा कॉम्पॅक्ट प्रकार अठरा इंची नळी आणि आखूड दस्त्यासह येतो, म्हणजे बुशसाठी कारखान्यातूनच तयार. आपल्याकडच्या मध्यम उंचीच्या माणसाला आणि बहुतेक बायकांना तो दस्ता बरोबर बसतो. सेफ्टी अंगठ्याखाली असते आणि ती लावलेली असतानाही बोल्ट उघडून रायफल रिकामी करता येते. हे मला महत्त्वाचं वाटतं.

होवा १५००. जपानी. वेदरबाय व्हॅनगार्डही याच कारखान्यातून येते. दणकट, थोडी जड. सेफ्टी तीन टप्प्यांची, मधल्या टप्प्यात बोल्ट उघडतो. इथे ती स्कोप आणि सप्रेसरसह संच म्हणून विकतात. संचातला स्कोप बहुधा बेताचा असतो, तेव्हा नुसत्या रायफलीचा भावही विचारा. होवाचीच 'मिनी' ७.६२×३९ काडतुसात मिळते. शंभर मीटरच्या आतल्या शिकारीला ती हलकी, आखूड आणि मऊ. माझ्या एका मित्राकडे आहे. मला तिचा थोडा हेवा वाटतो.

सॅव्हेज ॲक्सिस. सगळ्यांत स्वस्त. नळी चांगली, बाकी सगळ्यात काटकसर. दस्त्याचा पुढचा भाग इतका लवचीक की मुठीत आवळला तर नळीला टेकतो आणि नेम सरकतो. विकत घेण्याआधी नळी आणि दस्ता यांच्यामधून नोट सरकवून पाहा, आवळून धरल्यावरही ती सरकली पाहिजे.

टिका टी३एक्स. फिनलंडची, साको बनवते. इथल्या कित्येक शिकाऱ्यांची लाडकी. बोल्ट लोण्यासारखा, वजन तीन किलोच्या आसपास. नवी घेतली तर 'परवडणारी' या शब्दाला ताण पडतो, पण वापरलेल्या भरपूर मिळतात. एक बारीक गोष्ट: टिका सगळ्या काडतुसांना एकाच लांबीचा सांगाडा (बोल्ट बसतो तो भाग) वापरते, तेव्हा .३०८ घेऊन तो आखूड होत नाही.

लिव्हर-ॲक्शनचा (चापाभोवतीची कडी खाली-वर करून भरायच्या रायफलीचा) मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला. .३०-३० ची मार्लिन ३३६ चपटी, आखूड, हातात घेतली की जणू आपलीच. बुशला खरोखर शोभते. पण दुसरी रायफल म्हणून. नळीसारख्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या साठ्यात, काडतुसं एकामागे एक उभी असतात आणि प्रत्येक गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टिकलीवर टेकतं (टिकली ठेचली की बार उडतो), म्हणून टोकदार गोळी चालत नाही. चपट्या किंवा मऊ टोकाचीच घ्यावी लागते, आणि ती महाग पडते. शिवाय घोडा हळूच खाली सोडताना ओल्या, गारठलेल्या बोटातून निसटण्याची भीती राहते.

लाकडी दस्ता सुंदर असतो. या पावसात घेऊ नका. स्टेनलेस नळी आणि सिंथेटिक दस्ता यांना दोन-तीनशे डॉलर जास्त पडले तरी द्या. जास्त पैसे देण्याजोगी ही एकच जागा मला माहीत आहे.

थ्री-नॉट-थ्रीचं काय?

हा प्रश्न मराठी माणूस हटकून विचारतो, कारण लहानपणापासून ती हवालदाराच्या खांद्यावर बघितलेली असते. तीच ली-एनफिल्ड रायफल इथेही घरोघरी होती. १९३० च्या दशकापासून सरकारी पगारावर हरणं मारणाऱ्या 'डिअर कलर' (deer culler) लोकांनी याच .३०३ रायफली दस्ता कापून, हलक्या करून डोंगर पालथे घातले. कापलेल्या, 'स्पोर्टर' केलेल्या एनफिल्ड आजही स्वस्तात मिळतात आणि हरीण तेवढंच मरतं.

अडचण इतकीच की नळी आतून कशी आहे हे नशिबावर, स्कोप बसवणं किचकट, आणि काडतुसं .३०८ पेक्षा महाग. १९४४ ची जंगल कार्बाइन (ली-एनफिल्डचाच एक प्रकार) नावाने भुलवते. आखूड आहे, हलकी आहे, पण तिच्या अरुंद रबरी बुडाचा धक्का खाऊन बघा आणि मग ठरवा. शौक म्हणून घ्या. पहिली रायफल म्हणून नको.

दुकानात हातात घेतल्यावर

आधी बोल्ट उघडून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसतं ती जागा) रिकामा आहे हे बघा, दुकानदाराने आत्ताच बघितलं असलं तरी. मग डोळे मिटा, सुरक्षित दिशेला रायफल खांद्याला लावा, डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल चित्र दिसलं तर दस्ता तुमच्या मापाचा. मान पुढे ताणावी किंवा मागे घ्यावी लागली तर नाही. हे पावसाळी जाकीट घालून करा, कारण रानात ते अंगावर असणार आणि ते दस्त्याची लांबी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाढवतं.

दहा वेळा बोल्ट मागे-पुढे करा, खांद्यावरून न उतरवता. चाप हळू दाबून बघा (परवानगी घेऊन). सुटतो कधी हे कळलं पाहिजे. मॅगझिन काढून घाला. नुसत्या धक्क्याने निसटणारं मॅगझिन बुशमध्ये एक दिवस नक्की हरवतं, आणि नवं आणायला गेलात की किंमत ऐकून घाम फुटतो. डावखुरे असाल तर डाव्या हाताची मागा. थोडं थांबावं लागेल.

वापरलेली घेताना

चांगली शिकारी रायफल वर्षाला दहा-वीस बार टाकते, त्यामुळे वीस वर्षं जुनीही नवीसारखी असू शकते. तिला गंज खातो. विकणाऱ्याला विचारून दस्ता सोडवा आणि नळीची खालची बाजू बघा. वरून चकाकणारी आणि दस्त्याखाली खड्डे पडलेली रायफल मी घेता घेता वाचलो. बोल्ट काढून मागून नळीत बारीक टॉर्च पाडा, खोबणी धारदार आणि स्वच्छ दिसायला हवी. नळीच्या तोंडाच्या कडेवर बोट फिरवा, टवका नको. आट्यांचं माप तुमच्या सप्रेसरशी जुळतं का विचारा, ते एकसारखं नसतं. रायफल जुनी असेल किंवा कोणी घरी काडतुसं भरून वापरली असतील तर हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरमधल्या काडतुसातली मोकळीक) गनस्मिथकडून तपासून घ्या. त्याची फी घासाघीस करण्याजोगी नाही.

दोघांची लायसन्स एकमेकांना दाखवा, क्रमांक जुळवा, नोंदवहीतला बदल वेळेत करा. विकणारा "ते नंतर बघू" म्हणाला तर चहा पिऊन परत या.

स्कोप

३ ते ९ पटीचा स्कोप सगळीकडे गळ्यात मारतात. ३ पटीवर शंभर मीटरवर साधारण अकरा मीटर रुंद दिसतं, म्हणजे वीस मीटरवर दोन मीटरच्या जरा वर. त्यात धावतं हरीण शोधणं म्हणजे दाराच्या फटीतून मिरवणूक बघणं. दीड पटीवर तीच रुंदी चार मीटरच्या आसपास होते. म्हणून १ ते ४, १.५ ते ५ किंवा फार तर २ ते ७. लेउपोल्डची व्हीएक्स-फ्रीडम आणि व्होर्टेक्सची क्रॉसफायर या मालिकांत अशी मापं मिळतात. रानात जाताना सगळ्यात कमी पटीवर ठेवा. वाढवायला वेळ मिळतो, कमी करायला मिळत नाही.

रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारं, बॅटरीवरचं नेमाचं साधन) जलद आहे, पण डोळ्यांत वक्रतेचा दोष (ॲस्टिग्मॅटिझम) असलेल्या माणसाला तो ठिपका तुटलेला धूमकेतू दिसतो. बॅटरीही आपल्या सोयीने संपत नाही.

माउंट स्वस्तातले घेऊ नका. एका दुकानाने बसवून दिलेल्या माउंटचे स्क्रू सैल राहिले होते. मी दोन डबे काडतुसं जाळली, तेव्हा कुठे दोष माझ्या हाताचा नाही हे कळलं. तेव्हापासून स्क्रू टॉर्क-रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) मीच आवळतो.

नेम लावणं आणि पहिली फेरी

पंचवीस मीटरवर सुरुवात करा, गोळी कागदावर आली की शंभरवर जा. .३०८ ची १५० ग्रेन गोळी शंभरला बरोबर बसवलीत तर पन्नासला फरक बोटाच्या जाडीचाही नसतो, आणि दोनशेला चार-पाच इंच खाली पडते. बुशसाठी एवढं गणित पुरे. जी काडतुसं शिकारीला नेणार त्यांनीच नेम लावा. दुसऱ्या कंपनीची गोळी दुसरीकडे पडते.

मग बाकावरून उठा. खरी परीक्षा उभ्याने आहे. चहाच्या बशीएवढा, पंधरा सेंटिमीटरचा कागद पन्नास मीटरवर लावा. रायफल खाली धरलेली, खांद्याला लावा, सेफ्टी काढा, तीन सेकंदांत बार. पाचपैकी पाच आत बसेपर्यंत हरणावर पन्नास मीटरवरून बार टाकू नका. बसत नसतील तर अंतर तीस करा. डीअरस्टॉकर्स असोसिएशन १९३७ पासून आहे आणि तिच्या शाखांकडे रेंज असते. त्यांचा 'हंट्स' नावाचा नवशिक्यांचा अभ्यासक्रमही आहे. मी तो केला, आणि नंतर भाव विचारायला माणसंही तिथलीच उपयोगी पडली.

रानात शिरताना चेंबर रिकामा. काडतूस मॅगझिनमध्ये, बोल्ट बंद, पण चेंबरमध्ये काही नाही. बार टाकायची वेळ आली तरच भरा. बोल्ट अर्धवट उघडा ठेवून, चेंबरमध्ये काडतूस घालून फिरणारे दिसतील, कारण त्यांना एक सेकंद वाचवायचा असतो. फांदीला लागून तो बोल्ट आपोआप बंद होतो आणि रायफल तयार होऊन बसते, तुम्हाला कळतही नाही. नळीच्या तोंडावर इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, म्हणजे पाणी आणि चिखल आत जात नाही. खांद्याचा पट्टा गाडीपासून रानाच्या तोंडापर्यंत ठीक, आत गेल्यावर काढून खिशात घाला. वेल त्यालाच धरते.

परत आल्यावर कितीही दमला असलात तरी ओली रायफल कापडी पिशवीत ठेवून झोपू नका. बोल्ट काढा, सप्रेसर उतरवा, तो लावून ठेवला तर आतली ओल नळीचं तोंड खाते. सगळं पुसा, नळीतून तेलाचा बोळा फिरवा, नीट वाळलं की कपाटात ठेवून कुलूप लावा. आमच्याकडे त्या रात्री न्हाणीघरातल्या हीटरखाली माझे बूट असतात, ओट्यावर कलेजी असते आणि गावाहून काकांचा फोन येतो, "किती लांबून मारलंस रे?" मी बावीस मीटर म्हणतो. त्यांना ते कमी वाटतं.